गुलाबी दूध: अमेरिकेत जुनी ऑटोमॅटिक गाडी घेण्याआधी रेडिएटर उघडून बघा

दर ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत नवी मुलं येतात. कोणी मास्टर्सला, कोणी पहिल्या नोकरीवर. पहिले दोन महिने बस, ट्रेन आणि मित्रांच्या गाड्यांवर निभतात आणि मग फोन येतो, ''दादा, एक गाडी बघितलीय. सहा हजारांत देतोय. येतोस का बघायला?'' मी जातो. सोबत टॉर्च, पांढरे टिश्यू, रबरी हातमोजे आणि गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा वीस-पंचवीस डॉलरचा एक छोटा स्कॅनर घेतो. गाडी गार असेल तर इंजिन सुरू करण्याआधी मी रेडिएटरचं झाकण उघडायला सांगतो. मुलांना नवल वाटतं. टायर, ब्रेक, एसी, रंग, असं काहीच न बघता आधी रेडिएटर का?

कारण माझी इथली दुसरी गाडी याच जागी मेली. एका घरगुती विक्रेत्याकडून घेतलेली ऑटोमॅटिक एसयूव्ही होती. इंजिनाचा आवाज छान, आतून स्वच्छ, मायलेजही फार नाही. तिसऱ्या आठवड्यात ताशी ४५ मैलांना गाडी थरथरायला लागली. मला वाटलं, टायरचं बॅलन्सिंग बिघडलं असेल. टायरवाल्याने बॅलन्सिंग करून दिलं, थरथर तशीच. आणखी दहा दिवस मी ती तशीच चालवली. शेवटी एका मेकॅनिकने ट्रान्समिशनची, म्हणजे गिअरबॉक्सची, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची काठी) ओढून माझ्यासमोर धरली. लाल ऑइलच्या जागी दाट गुलाबी दूध होतं, रूह अफजा घातल्यासारखं. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या अर्ध्याहून जास्त होता. ते दहा दिवस गाडी उभी ठेवली असती तर कदाचित ती वाचली असती, हे मला नंतर कळलं. तुम्हाला आधी कळावं म्हणून हे सगळं लिहितो आहे.

नेमकं होतं काय

आपल्यापैकी बहुतेक जण मॅन्युअल गाड्यांवर शिकलो. तिथे इंजिनाचं पाणी वेगळं, गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, आणि दोघांची भेट होण्याचं काही कारणच नसतं. अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, आणि त्यातल्या जुन्या गाड्यांत ही दोन्ही द्रव्यं एकाच टाकीत शेजारी नांदतात.

ऑटोमॅटिक ट्रान्समिशनमध्ये क्लच पेडलऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनाची ताकद त्यातल्या ऑइलच्या प्रवाहातून चाकांकडे जाते आणि त्या घुसळणीत ऑइल खूप तापतं. या ऑइलला इथे सगळे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) म्हणतात. ते थंड करायला रेडिएटरच्या एका बाजूच्या टाकीत एक छोटा कूलर बसवलेला असतो. धातूची नळी किंवा चपट्या पट्ट्यांचा संच असतो तो. आतून एटीएफ वाहतं, बाहेरून त्याला कूलंटने, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याने, वेढलेलं असतं. मांडणी हुशारीची आहे. थंडीत गरम कूलंटमुळे एटीएफ लवकर तापतं, उन्हाळ्यात तेच कूलंट त्याची उष्णता काढून घेतं. पण दोघांमध्ये फक्त एक पातळ पत्रा असतो.

वर्षानुवर्षं तापून-गार होऊन, हादरे बसून, कूलंट वेळेवर न बदलल्याने आतून गंजून त्या कूलरला कधीतरी बारीक भेग जाते. ही गळती बाहेर दिसत नाही. जमिनीवर थेंब पडत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही.

आता दाबाचं गणित बघा. इंजिन चालू असताना ट्रान्समिशनचा पंप एटीएफ ढकलत असतो, त्यामुळे बरेचदा ऑइल कूलंटमध्ये शिरतं. तुम्ही घरी येऊन गाडी बंद करता तेव्हा पंप थांबतो आणि एटीएफचा दाब शून्यावर येतो. रेडिएटर मात्र अजून तापलेला असतो. त्याच्या झाकणावर साधारण १३ ते १६ पीएसआय (दाबाचं इथलं माप) असा आकडा छापलेला असतो, आणि कूलंट गार होईपर्यंत आत दाब टिकून राहतो. आता उलटा प्रवास सुरू होतो आणि कूलंट भेगेतून ट्रान्समिशनमध्ये जातं. म्हणजे गाडी पार्किंगमध्ये शांत उभी असतानाही नुकसान चालूच असतं.

ट्रान्समिशनच्या आत अनेक क्लच प्लेटा असतात. पोलादी चकतीवर कागदासारख्या धाग्यांचं घर्षणाचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं. ते ऑइलमध्ये राहण्यासाठीच बनवलेलं असतं, पण पाणी मिळालं की ते पाणी शोषून घेतं, फुगतं, गोंद सुटतो आणि अस्तराचे तुकडे पडू लागतात. ते तुकडे ऑइलबरोबर फिरून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइल कुठे जायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटा तुंबवतात. बेअरिंगांना गंज चढतो. काही गाड्यांत ट्रान्समिशनचा कॉम्प्युटरही ऑइलमध्येच बुडालेला असतो, तोही जातो. अस्तर एकदा सुटलं की कोणत्याही बाटलीतल्या औषधाने ते परत चिकटत नाही. दुकानांत विकायला असतात ती औषधं, त्यांवर पैसे घालवू नका.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण

२००५ ते २०१० या मॉडेल वर्षांच्या निसान पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर या तीन गाड्यांत हा प्रकार इतक्या मोठ्या प्रमाणावर झाला की इथल्या मालकांनी त्याला 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक' असं नावच पाडलं. कंपनीने आधी रेडिएटरची वॉरंटी ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांपर्यंत वाढवली. पुढे न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात सामूहिक दावा झाला, त्याची तडजोड २०१३ मध्ये मंजूर झाली आणि संरक्षण १० वर्षं किंवा १,००,००० मैलांपर्यंत गेलं. पण शेवटच्या टप्प्यात मालकाला स्वतःचे पैसे घालावे लागत होते: ८० ते ९० हजार मैलांच्या टप्प्यात २,५०० डॉलर, त्यापुढे ३,००० डॉलर. ज्या दुरुस्तीत सवलत मिळूनही ग्राहकाने तीन हजार भरायचे, ती मुळात केवढ्याची असेल याचा अंदाज यावरून येतो.

ही मुदत शेवटच्या २०१० च्या गाडीसाठीही कधीच संपली. आज या गाड्या स्वस्त मिळतात, दणकट दिसतात आणि मुलांना आवडतात. आवडायला हरकत नाही, मलाही एक्सटेरा आवडते. फक्त आज त्यातलं काही बिघडलं तर बिल तुमच्या नावावर, हे धरून चला.

आणि हा दोष एका कंपनीपुरता समजू नका. रेडिएटरच्या टाकीत एटीएफचा कूलर असलेली कोणतीही जुनी गाडी याच रांगेत उभी आहे.

पायरी १: घरातून निघण्याआधी

जाहिरात देणाऱ्याकडून गाडीचा व्हिन, म्हणजे अक्षरं आणि आकडे मिळून १७ चिन्हांचा ओळख क्रमांक, मागून घ्या. एनएचटीएसए, म्हणजे रस्ता सुरक्षेच्या केंद्रीय खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकला की राहिलेले रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची कामं, दिसतात. नवखे लोक इथे एक चूक करतात. रिकॉल नाही म्हणजे दोष नाही, असं ते समजतात. कंपनीने वॉरंटी वाढवून दिली तर तो रिकॉल होत नाही, आणि व्हिनच्या शोधात त्याचा मागमूसही नसतो. त्याच संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष निवडून मालकांच्या तक्रारी वाचता येतात. त्यात कूलंट, रेडिएटर आणि ट्रान्समिशन हे शब्द एकाच तक्रारीत पुन्हापुन्हा दिसत असतील, तर त्या गाडीच्या बाबतीत दुप्पट सावध राहा.

अपघाताचा इतिहास सांगणारे जे विकतचे अहवाल असतात, त्यांत ही गळती सहसा सापडत नाही. ते जरूर बघा, पण रेडिएटरचं उत्तर तिथे मिळेल अशी आशा ठेवू नका.

विक्रेत्याला फोनवर दोन प्रश्न विचारा. रेडिएटर कधी बदलला? पावती आहे का? ''हो, बदललाय'' एवढ्याने भागत नाही, कारण रेडिएटर *का* बदलला हे महत्त्वाचं आहे. खबरदारी म्हणून बदलला असेल तर उत्तम. दोन द्रव्यं मिसळल्यावर बदलला असेल, तर ट्रान्समिशनने ते कूलंट आधीच पिऊन झालेलं असतं. पावतीवर रेडिएटरच्या जोडीला 'ट्रान्समिशन फ्लश' (जुनं ऑइल धुऊन काढून नवं भरणं) लिहिलेलं दिसलं की मी थेट विचारतो, आत गुलाबी सापडलं होतं का?

शेवटी एक विनंती करा, ''मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.''

पायरी २: गार इंजिनावर तपासणी

पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी आधीच फिरवून आणलेली आहे. अशा वेळी रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. दाबाखालचं उकळतं कूलंट तोंडावर उडतं आणि माणसं गंभीर भाजतात. तासभर चहा प्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी या.

गार असेल तर मालकाची परवानगी घेऊन झाकण उघडा. सगळ्याच गाड्यांत रेडिएटरवर झाकण नसतं. काहींत फक्त कूलंटच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर असतं, तिथे टाकीत बघा. कूलंट हिरवं, निळं, नारिंगी, गुलाबी किंवा लाल असू शकतं, कंपनीप्रमाणे रंग बदलतो. रंगापेक्षा ते पारदर्शक आहे का ते बघा. टॉर्चच्या उजेडात ते सरबतासारखं आरपार दिसलं पाहिजे. वर तेलाचा तवंग, झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा गुलाबी थर, टाकीच्या भिंतीवर चिकट पट्टा, यांतलं काहीही दिसलं तर मी तिथेच थांबतो. थर तपकिरी, कॉफीच्या फेसासारखा असेल तर इंजिन ऑइल मिसळलेलं असण्याची शक्यता जास्त, म्हणजे हेड गॅस्केट किंवा इंजिन ऑइलचा कूलर. तो आजार वेगळा, पण गाडी तीही नको.

बोटाने चव घेऊन पाहणारे महाभाग मी पाहिलेत. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. थेंबसुद्धा तोंडात जाऊ देऊ नका, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं जवळ असतील तर सांडलेलं लगेच पुसून घ्या.

टाकीत पातळी 'मिन'च्या खाली आहे आणि गाडीखाली कुठेच ओल नाही, असं दिसलं तर विचारात पडा. कूलंट कुठेतरी जातंय. आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्या. भेग नसली तरी नुसतं कूलंट कमी असणंही ट्रान्समिशनला घातक असतं, कारण टाकीतल्या कूलरला वेढायला पुरेसं कूलंटच उरत नाही आणि एटीएफ तापत राहतं.

मग ट्रान्समिशनची डिपस्टिक. ती असेल तर तुमचं नशीब चांगलं. बऱ्याच नव्या गाड्यांत ती नसतेच, आणि वर सांगितलेल्या निसान गाड्यांत ती १० मिलिमीटरच्या एका छोट्या बोल्टने जागी धरून ठेवलेली असते, त्यामुळे अनेकांना ती सापडतच नाही. बोल्ट काढायची परवानगी घ्या, लहान पाना सोबत ठेवा. काठी बाहेर काढून पांढऱ्या टिश्यूवर टेकवा. चांगलं एटीएफ लाल, पारदर्शक असतं. जुनं झालेलं तपकिरी होतं, आणि जळका वास आला तर तेही वाईटच. पण अपारदर्शक गुलाबी, फेसाळ, दुधाळ दिसलं की चर्चा संपली. किंमत निम्मी केली तरी घेऊ नका. काठीवर पातळी खुणेच्या बरीच वर असेल, तीही धोक्याची खूण. कूलंट आत शिरलं की एकूण द्रव वाढतो, फेसाळतो आणि कधीकधी ट्रान्समिशनच्या श्वासनळीतून बाहेर फेकला जातो. वाकून गाडीखाली टॉर्च मारा आणि ट्रान्समिशनच्या वरच्या अंगाला, आसपासच्या पत्र्यावर गुलाबी शिंतोडे आहेत का बघा.

एक इशारा. नुकतंच भरलेलं लालभडक एटीएफ आणि नुकतंच भरलेलं चकचकीत कूलंट दोन्ही एकाच वेळी दिसलं आणि पावती मात्र नाही, तर मी त्या गाडीवर विश्वास ठेवत नाही. विकायच्या आठवड्यात कोणी दोन्ही द्रव्यं उगाच बदलत नाही.

पायरी ३: गाडी चालवून बघताना

माझी फसगत इथेच झाली. मी गल्लीतून आणि एका सिग्नलपर्यंत गाडी फिरवली, तीसच्या वर वेग नेलाच नाही. हा आजार गल्लीत दिसत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरच्या आत एक लॉक-अप क्लच असतो. एका वेगाला गाडी स्थिर झाली की तो बसतो आणि इंजिन थेट ट्रान्समिशनला जोडलं जातं. अनेकदा कूलंटचा फटका आधी त्याच क्लचवर दिसतो. म्हणून किमान अर्धा तास चालवा, पूर्ण गरम होऊ द्या आणि हायवेवर ताशी ४० ते ५० मैलांवर हलक्या पायाने वेग स्थिर ठेवा. रस्त्याच्या कडेला खाचा पाडलेल्या पट्ट्या असतात, त्यांवरून चाक गेल्यावर जशी थरथर होते तशी एक-दोन सेकंद जाणवली तर ती शक्यतो टायरची नसते. खात्री करायला त्याच वेगात ब्रेकला अगदी हलका पाय लावा. लॉक-अप सुटतो आणि थरथर त्या क्षणी थांबते. टायरची थरथर अशी थांबत नाही.

चढावर हळूहळू ॲक्सिलरेटर वाढवा. इंजिनाचे फेरे वर चढतात आणि गाडी तशी पुढे सरकत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. 'डी'मध्ये टाकल्यावर किंवा 'आर'मध्ये टाकल्यावर एक-दीड सेकंद काहीच न होणं, मग धाडकन धक्का बसणं, हीही त्याच घरची लक्षणं. रेडिओ बंद ठेवा आणि विक्रेत्याला गप्पा मारू देऊ नका.

परत आल्यावर स्कॅनर लावा. डॅशबोर्डखाली तो जोडायचं ओबीडी नावाचं सॉकेट असतं, १९९६ नंतरच्या इथल्या सगळ्या कारमध्ये ते आहे. पी ०७०० म्हणजे ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे, पी ०७४१ हा कोड लॉक-अप क्लचच्या बिघाडाचा. कोड काहीच नसेल तर 'रेडिनेस मॉनिटर', म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते, बघा. त्यातले बरेच अपूर्ण दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात, किंवा बॅटरी काढलेली. दोन्ही बाबतींत कारण विचारा.

पायरी ४: दुसऱ्याच्या डोळ्यांनी

तुमच्या तपासणीत गाडी पास झाली तरी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे ती न्या. शंभर ते दोनशे डॉलर जातील. शक्यतो ट्रान्समिशनचंच काम करणारं दुकान निवडा आणि स्पष्ट सांगा, ''कूलंट आणि एटीएफ एकमेकांत मिसळलंय का ते बघायचंय.'' नुसतं 'गाडी बघा' म्हटलं तर ते ब्रेक आणि टायर मोजून कागद देतील. डिपस्टिक नसलेल्या गाडीत लिफ्टवर चढवून बाजूचा प्लग उघडून ऑइलचा नमुना काढता येतो.

शंका उरलीच, तर तो नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. इंडियानातल्या फोर्ट वेनची ब्लॅकस्टोन लॅबोरेटरीज घरोघरच्या गाड्यांच्या ऑइलचीही तपासणी करते. एटीएफमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम वाढलेलं सापडलं की कूलंट आत गेल्याची शंका घेतली जाते, कारण कूलंटच्या रसायनांत ते असतात. डोळ्यांना गुलाबी दिसण्याच्या कितीतरी आधी हे कळतं. अहवालाला काही दिवस लागतात, आणि ''आज दुसरं गिऱ्हाईक येतंय'' असं सांगणारा विक्रेता तितकं थांबत नाही. मी त्याला जाऊ देतो.

पायरी ५: कागद

डीलरकडे गेलात तर गाडीच्या काचेवर 'बायर्स गाइड' नावाचा कागद असायला हवा, केंद्रीय नियमाने तो बंधनकारक आहे. त्यावर 'ॲज इज' (आहे तशी) या चौकटीत खूण असेल तर सही करून गाडी बाहेर काढल्यानंतरचा दुरुस्तीचा खर्च तुमचा. काही राज्यांत डीलरला ठरावीक मुदतीची हमी द्यावीच लागते. न्यू जर्सीत जुन्या गाड्यांसाठीचा लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडी घेणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा, आहे, पण तो लागू व्हायला गाडी ७ मॉडेल वर्षांपेक्षा जुनी नको, १,००,००० मैलांपेक्षा जास्त चाललेली नको आणि किंमत किमान ३,००० डॉलर हवी. म्हणजे ज्या गाड्यांबद्दल आपण बोलतोय त्या जवळपास सगळ्या त्याच्या बाहेर. घरगुती विक्रेत्याकडून घेताना तर काहीच नाही. म्हणून तपासणी ही एकच हमी, आणि ती पैसे देण्याआधीच करता येते.

पायरी ६: गाडी चांगली निघाली, घेतली. आता?

रेडिएटर बदला. गाडी दहा वर्षांहून जुनी असेल आणि आत मूळ कंपनीचाच रेडिएटर असेल, तर मी हे पहिल्याच महिन्यात करायला सांगतो. बहुतेक गाड्यांना चांगल्या प्रतीचा नवा रेडिएटर दीडशे ते तीनशे डॉलरमध्ये मिळतो, मजुरी वेगळी. ट्रान्समिशन गेलं तर काही हजार डॉलर. त्याच कामात रबरी होज, झाकण आणि कूलंट नवं टाकून घ्या. एटीएफच्या नळ्या परत जोडताना जुने क्लॅम्प वापरू देऊ नका.

दुसरा मार्ग म्हणजे एटीएफला रेडिएटरच्या बाहेरच काढणं, त्याला इथे बायपास म्हणतात. ग्रिलच्या मागे हवेवर थंड होणारा वेगळा कूलर बसवून ट्रान्समिशनच्या दोन्ही नळ्या थेट त्यालाच जोडायच्या. मग दोन द्रव्यं एका छताखाली येतच नाहीत. टेक्सास किंवा ॲरिझोनात राहणाऱ्यांना मी हे निःशंक सुचवेन. मिनेसोटात मात्र उणे वीसमध्ये एटीएफ तापायला फार वेळ लागतो आणि गार, दाट ऑइलवर गिअर जड पडतात. तिथे रेडिएटर बदलणंच बरं, किंवा थर्मोस्टॅट असलेला बायपास.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. जाहिरातीत 'टो पॅकेज (ट्रेलर ओढायची सोय) आहे, वेगळा ट्रान्समिशन कूलर आहे' असं लिहिलेलं असतं आणि लोक निश्चिंत होतात. कारखान्यातून आलेला तो जादा कूलर सहसा रेडिएटरमधल्या कूलरच्या *जोडीला* असतो. एटीएफ आधी रेडिएटरमध्ये जातं, मग पुढे. भेगेची भीती तशीच राहते. नळ्या कुठून कुठे जातात हे खाली वाकून डोळ्यांनी बघा.

घरी स्वतः तपासायचं असेल तर कूलिंग सिस्टिमला हाताने दाब देणारा पंप मिळतो. ऑटोझोन किंवा ओरायली यांसारख्या पार्टच्या दुकानांत तो अनामत ठेवून वापरायला देतात. इंजिन गार आणि बंद. रेडिएटरकडून येणारी एटीएफची नळी सोडा, रेडिएटरवर झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब द्या आणि थोडा वेळ थांबा. एटीएफच्या तोंडातून कूलंटचा थेंब आला तर भेग आहे. नुसता दाब हळूहळू उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर भेगेची शंका घ्या.

पायरी ७: गाडी तुमचीच आहे आणि गुलाबी सापडलं

इंजिन बंद करा. परत सुरू करू नका, 'फक्त मेकॅनिकपर्यंत नेतो' म्हणूनही नको. प्रत्येक मैलाला अस्तर झिजत असतं. टो ट्रक बोलवा.

गाडी ओढून नेल्यावर मेकॅनिक दोनांपैकी एक सांगेल. कूलंट नुकतंच मिसळलं असेल, थरथर किंवा घसरणं अजून सुरू झालेलं नसेल, तर नवा रेडिएटर आणि एकापाठोपाठ अनेक फ्लश करून बघता येतं. एक फ्लश पुरत नाही. अशा ट्रान्समिशनमध्ये साधारण आठ ते बारा लिटर ऑइल मावतं आणि खालचा पॅन उघडला की त्यातलं निम्मंही अनेकदा बाहेर येत नाही, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. अस्तराने शोषलेलं पाणी तर फ्लशने निघतच नाही. म्हणून फ्लशनंतर महिना-दोन महिन्यांनी परत ऑइल काढून बघायचं, आणि मनाची तयारी ठेवायची.

थरथर सुरू झालेली असेल तर फ्लशवर खर्च करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रान्समिशन उघडून नव्याने बांधावं लागेल किंवा बदलावं लागेल. बदलताना तीन गोष्टी लिहून घ्या: नवा रेडिएटर, नवा किंवा नव्याने बांधलेला टॉर्क कन्व्हर्टर, आणि एटीएफच्या नळ्या धुऊन किंवा बदलून. यातलं एकही राहिलं तर नव्या ट्रान्समिशनमध्ये जुनीच घाण जाते. कूलंटच्या बाजूलाही ऑइल गेलेलं असतं आणि ते रबरी होज फुगवून मऊ करतं, ते दाबून बघा. भंगारातून जुनं ट्रान्समिशन स्वस्तात मिळत असेल, तर ते ज्या गाडीतून काढलं तिचा रेडिएटर बघायला मिळतो का ते विचारा. कित्येक गाड्या याच आजाराने भंगारात गेलेल्या असतात.

पुण्याहून विचारणाऱ्यांसाठी

भारतातही ऑटोमॅटिक गाड्या वाढल्यापासून हे प्रश्न तिकडूनही येतात. एएमटी गाडी मुळात मॅन्युअलच असते, क्लच आणि गिअर यंत्राने हलतात एवढंच. तिला ही भीती नाही. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी असेल तर एटीएफ कुठे थंड होतं हे मेकॅनिकला विचारा. रेडिएटरच्या टाकीत होत असेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या जशाच्या तशा लागू. आणि आपल्याकडची एक सवय मात्र सोडा: कूलंट कमी दिसलं की नळाचं पाणी ओतायची. त्या पाण्यातले क्षार रेडिएटर आतून खातात, आणि तो पातळ पत्राही त्यातच असतो.

मागच्या महिन्यात एका मुलीबरोबर एक फ्रंटियर बघायला गेलो होतो. झाकण उघडलं, कूलंट स्वच्छ. डिपस्टिकचा बोल्ट काढला, ऑइल लाल, आरपार. मालकाने घरातून एक फाइल आणली. तीन वर्षांपूर्वीची पावती होती, नवा रेडिएटर, सोबत होज आणि कूलंट, ट्रान्समिशनला हात लावलेला नव्हता. पन्नासला हायवेवर गाडी गप्प चालली. तिने ती घेतली.